प्रति कुणाला

मी सुनिता. केजच्या तहसील कचेरीच्या आवारात कडूलिंबाखाली माझं टायपिंगचं टेबल हाय. डाव्या हाताला मुबीनचाचांचं टेबल. सध्या ते रिकामं असतं. उगं मनात काही आणू नका, चाचा धडधाकट हायेत, रोज अकराला येतात. फक्त त्या टेबलामागं बसत न्हाईत. कावून बसत न्हाईत, तेच सांगायला बसले.

चाचा अर्जनवीस. म्हणजे लोकांचे अर्ज लिहून द्यायचं काम, आणि त्याला सरकारचा परवाना लागतो. चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं. त्यांचे वडील बसस्टँडवर पेरू-केळी विकायचे. हे मॅट्रिक झाले, अक्षर झकास, म्हणून रामकिसनमामा नावाच्या म्हाताऱ्या अर्जनविसानं त्यांना हाताखाली घेतलं. चाचा म्हणायचे, "मामांनी दोनच गोष्टी शिकवल्या, बाकी सगळं मी चुकून चुकून शिकलो."

पहिली गोष्ट, 'प्रति'. अर्जाच्या डोक्यावर आपण लिहितो ना, प्रति, माननीय तहसीलदार साहेब, ते. चाचा त्याच्याशिवाय पेनाचं टोपण काढायचे न्हाईत. माणूस तावातावानं यायचा, भावानं असं केलं, शेजाऱ्यानं तसं केलं. चाचा सगळं ऐकून घ्यायचे आणि एकच विचारायचे, "घडलं कुठं?" कारण कुठं घडलं त्यावर हद्द ठरती, आणि हद्द ठरली की प्रति ठरती. एकदा दोन गावांच्या शिवेवर मारामारी झाली, दोन्ही ठाणी म्हणत होती आमच्याकडं न्हाई. चाचा सायकल घेऊन गेले, मैलाच्या दगडापासून पावलं मोजली, आणि अर्जात लिहिलं, दगडापासून दोनशे बारा पावलं. अर्ज घेतला गेला. लिंबागणेशच्या जानकीबाई एकदा इतक्या लांब आमच्याकडं आल्या. "लिही की बाबा, पैसे देते." चाचा म्हणाले, "आई, लिहिलं तर मला पैसे मिळतील, तुमचं काम व्हायचं न्हाई. तुमचं गाव बीड तालुक्यात." एका चिठ्ठीवर कचेरीचं नाव लिहून दिलं आणि म्हातारीला एसटीत बसवून आले. मी म्हणलं, "चाचा, धंदा करता का धर्मादाय?" तर हसले नुसते.

दुसरी गोष्ट, वाचून दाखवणं. अर्ज लिहून झाला की पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचायचा. मग विचारायचं, "समजलं? कबूल?" समोरच्यानं दोन्हीला हो म्हणलं तरच शाईचं पॅड पुढं सरकवायचं. कुणी घाईत म्हणलं, जाऊ द्या, लावतो अंगठा, तर चाचा पॅडवर हात ठेवायचे. मला लई वैताग यायचा. माझी गिऱ्हाईकं मागं तिष्ठत असायची आणि यांचं आपलं निवांत पारायण चाललेलं.

तर अशा माणसाची गोष्ट हाय ही. आता ऐका.

चाचांना दोन लेकरं. थोरला कामरान, त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान. धाकटी अदिबा. पोरगी हुशार, अंबाजोगाईला शिकली, आणि गेल्या नोव्हेंबरात तिला तिथल्याच सरकारी दवाखान्यात प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाची कायम नोकरी लागली. त्या दिवशी चाचांनी सबंध आवारात पेढे वाटले, माझ्या प्रिंटरवरसुद्धा एक ठेवला. ऑर्डरीत एक अट होती. एकतीस डिसेंबरच्या आत हजर व्हायचं, सोबत पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला. न्हाई तर यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावणार. दाखला म्हणजे काय, माझ्याकडं रोज दहा पोरं त्याचा फॉर्म भरतात. आठ दिवसांचं काम.

अदिबाचा दाखला आला न्हाई. त्याच्या जागी त्रिंबक हवालदार आले, हातात कागद घेऊन. त्रिंबकराव आमच्या रोजच्या ओळखीचे, अहवालाचं शुद्धलेखन चाचांकडून तपासून न्यायचे. त्या दिवशी मात्र चहाला न्हाई म्हणाले. कागद लांबच्या एका राज्यातल्या सायबर पोलिसांचा होता. तिकडं एका निवृत्त मास्तरांना कुणीतरी फोनवर गंडवलं होतं, आणि त्यांच्या पैशातले एकवीस हजार चार खाती फिरून अदिबाच्या खात्यात आले होते. खातं गोठवलं होतं आणि खातेदार म्हणून अदिबा मुबीन हिला जबाबासाठी बोलावलं होतं. "चाचा, नाव चौकशीत हाय तोवर साहेब दाखल्यावर सही कशी करणार?" त्रिंबकराव म्हणाले.

अदिबाला काहीच ठाऊक नव्हतं. त्या खात्यात तिची जुनी स्कॉलरशिप यायची, वर्षभरात तिनं ते उघडूनही बघितलं नव्हतं. तिच्या तोंडचं पाणी पळालं. घरी कामरानला धरून विचारलं तेव्हा पोपटासारखा बोलला. मे महिन्यात त्यानं क्रिकेटवर पैसे लावले होते, परदेशातल्या कुठल्याशा कंपनीच्या ॲपवर. जिंकला. कंपनीनं जिंकलेले पैसे दिले, पण स्वतःच्या खात्यातून न्हाई, भलत्याच कुणाच्या तरी खात्यातून. असल्या कंपन्यांची हीच रीत असते, हे आम्हाला तेव्हा कळलं. पुढं ऑगस्टात दिल्लीनं कायदा करून पैशांचे असले खेळच बंद केले. ॲप गेलं, फोन नंबर गेला, सगळं गुल.

ठाण्यात त्रिंबकरावांनी नीट समजावलं, त्यांचा दोष न्हाई. "गुन्हा तिकडचा, फिर्यादी तिकडचा, कंपनी समुद्रापल्याड. आमच्या हद्दीत घडलंय काय? न घडलेल्या गोष्टीचा जबाब आमी कशाच्या आधारावर घ्यायचा? फक्त एक सांगा, बाईंचं खातं कंपनीला दिलं कुणी? त्यांनी स्वतः दिलं असंल तर त्या त्यात आल्या."

तेव्हा कामरान पुढं झाला. "मीच दिलं."

"नंबर कुठनं आणला बे?"

कामराननं बापाकडं बघितलं, मग खाली बघितलं. "आता... अदिबानंच कधीतरी सांगितला असंल."

झालं. बहिणीला वाचवायला गेला आणि तिलाच गोत्यात घातलं. अदिबा तिथंच ओरडली, "भाई, मी कधी सांगितला?" पण त्रिंबकरावांनी ते ऐकलं होतं. बरं, कागदावर घेतलं न्हाई, एवढी त्यांची मेहरबानी. चाचा बाकड्यावर बसून होते.

दुसऱ्या दिवसापासून चाचा अर्जांच्या मागं लागले. पहिला तिकडच्या पोलिसांना. मी हिंदीत टाईप केला, दोनदा मेल केला, रजिस्टर पोस्टानंही पाठवला. फोनवर उत्तर आलं की पैसे जिंकलेले होते असं कंपनीचं लेखी आणा, मग बघू. मग कंपनीला अर्ज. चाचांनी पेन उघडलं, 'प्रति' लिहिलं, आणि थांबले.

"बेटी, यांचं कचेरीचं ठिकाण कुठं?"

मी नेटवर शोधलं. वेस्ट इंडीजच्या बाजूला एक बेट. नाव असं की मी तीनदा टाईप केलं आणि तीन तऱ्हेचं झालं. रस्ता न्हाई, घर नंबर न्हाई, नुसता एक पोस्टाच्या पेटीचा आकडा. आणि एक मेल.

"तिथलं ठाणं कोणतं? कोर्ट कोणतं?"

"चाचा, मला काय म्हाईत? मी काय तिथं नांदायला गेलते?"

मी अशी वसकले. आता आठवलं की वाईट वाटतं. चाचांनी शांतपणे लिहिलं, प्रति, मेहरबान व्यवस्थापक साहेब, आणि खाली एवढंच मागितलं की मे महिन्यात आपण दिलेली रक्कम खेळात जिंकलेली होती आणि माझी मुलगी आपली गिऱ्हाईक न्हाई, असं दोन ओळीत लेखी द्यावं, विनंती विशेष. मी त्याचं इंग्रजी करून पाठवलं. पैसे मागितले न्हाईत, भांडण काढलं न्हाई. दोन ओळी मागितल्या फक्त.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. मी मोठ्यानं वाचून मराठीत सांगत गेले. प्रिय ग्राहक. आपल्या नियम-अटींच्या कलम एकतीसप्रमाणे कोणताही वाद आमच्या बेटाच्या न्यायालयातच चालवता येईल, इतर कोणत्याही देशाचा अधिकार आपण सोडून दिला आहे. कलम चौतीसप्रमाणे खाते आपलेच असून ते वापरण्याचा आपणास पूर्ण हक्क आहे, असे आपण जाहीर केले आहे. खात्याची नोंद करताना ह्या अटी आपण वाचल्या, समजून घेतल्या आणि मान्य केल्या. दिनांक चौदा मे, वेळ दुपारी एक वाजून बारा मिनिटं.

मी वाचायची थांबले. चाचांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. दोघांनाही आठवलं.

चौदा मे. कचेरीची जेवणाची सुट्टी. चाचांच्या घरून सईदाचाचींचा डबा येऊन पडलेला, ऊन असं की लिंबाखालीसुद्धा जीव कासावीस. कामरान फोन घेऊन आला. "अब्बा, एका कंपनीकडनं कमिशन यायचंय, माझ्या खात्याला बँकेनं कागदांसाठी कुलूप घातलंय. कुणाचं तरी खातं द्या की." जुगाराचं नाव काढलं न्हाई, म्हणून तर इतके दिवस दोघांनाही त्याचा मेळ लागला नव्हता. चाचांच्या पिशवीत अदिबाच्या पासबुकाची झेरॉक्स होती, कुठल्याशा फॉर्मासाठी ठेवलेली. आकडे चाचा दुसऱ्या कुणाला भरू देत न्हाईत, एक चुकला तरी बोंब. त्यांनी स्वतः एकेक आकडा भरला, दोनदा ताडून बघितला. मग पडद्यावर इंग्रजी मजकूर आला, मुंगीएवढी अक्षरं, बोटानं ढकलावं तितका लांब. शेवटी एक चौकोन, आणि खाली 'मान्य'. चाचा त्याच्याकडं बघत राहिले. मग अंगठ्यानं दाबलं. मी बाजूलाच बसले होते.

म्हणजे खातं कामराननं दिलं न्हाई. चाळीस वर्षांत न वाचलेल्या कागदावर कुणाचा अंगठा पडू दिला न्हाई, त्या माणसानं स्वतःच्या अंगठ्यानं, न वाचता, लेकीचं खातं देऊन टाकलं होतं. कामरानला ते माहीत होतं. बापाचं नाव येऊ नये म्हणून तो ठाण्यात खोटं बोलला होता.

मला वाटलं चाचा आता उठतील आणि ठाण्यात जातील. न्हाई उठले. सव्वीस नोव्हेंबर ते चौदा डिसेंबर, अठरा दिवस. रोज यायचे, लोकांचे अर्ज लिहायचे, वाचून दाखवायचे, पण आवाज बसलेला. मला कळत होतं. हे बोलले तर परवाना जाणार. ज्याच्या शब्दावर तालुका अंगठा लावतो तो माणूस जुगाराच्या भानगडीत, असं आवारात बोललं जाणार. मला त्यांची दयाही येत होती आणि संतापही येत होता. तिकडं अदिबा रोज ठाण्यात खेटे घालत होती. एकदा ती माझ्याकडं आली, म्हणाली, "ताई, मी काय केलं ते तरी कुणी सांगा." चाचा तीन हातांवर बसले होते, मान खाली. ती गेल्यावर माझा तोल सुटला.

"चाचा, लेकीची नोकरी जाईल. तुमचा परवाना तिच्यापेक्षा मोठा हाय का?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं, डबा न खाता घरी गेले. मी रात्रभर स्वतःला शिव्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी साडेदहालाच आले. खुर्चीत बसले न्हाईत. माझ्या टेबलापुढं जे गिऱ्हाइकांचं बाकडं असतं, त्यावर बसले. "सुनिता बेटी, अर्ज लिहायचाय. मी सांगतो, तू टाईप कर. प्रति, माननीय पोलीस निरीक्षक साहेब, केज."

"पण चाचा, हद्द? ते तर म्हणतात हद्दीत काही..."

"घडलंय की. लिही. घटनेचं ठिकाण, तहसील कचेरीचं आवार, कडूलिंबाच्या पश्चिमेला, माझ्या टेबलावर. वेळ दुपारी एक वाजून बारा मिनिटं." थोडं थांबून म्हणाले, "खेळ बेटावरचा असंल, पैसे कुण्या गावचे असतील. पण पोरीचं खातं दिलं ते इथंच. तेवढं तरी आपल्या हद्दीत हाय."

या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या भांडणाला ठिकाण शोधून दिलं, आणि आता ठाण्याला हद्द मिळावी म्हणून स्वतःचं टेबल दिलं. मी जमंल तेवढं सांभाळून टाईप केलं. एका ठिकाणी माझ्या मनानं एक शब्द घातला, 'नजरचुकीने मान्य केले'. तेवढाच आधार.

प्रिंट निघत होती तेवढ्यात अदिबा आली, ठाण्याकडं निघाली होती. बापाला बाकड्यावर बघून थबकली. "अब्बा, तुमी इथं कावून बसलाव?"

चाचांनी कागद तिच्या हातात दिला. "वाच. मोठ्यानं. मी ऐकतो."

ती वाचायला लागली. नाव, वय, धंदा, ठिकाण. "सदर खात्याचा क्रमांक मी माझी मुलगी अदिबा हिला न विचारता, माझ्याजवळील झेरॉक्सवरून, माझ्या हाताने भरला..." तिनं कागदावरून बापाकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणीही होतं आणि आगही होती.

"पुढं वाच बेटा. अर्धा ऐकून अंगठा लावत न्हाईत."

"महिना झाला, अब्बा. महिनाभर मी चोरासारखी..."

"हो. तेही लिहायला पाहिजे होतं. आधी पुढं वाच."

तिनं डोळे पुसले आणि वाचलं. "...अटी नजरचुकीने मान्य केल्या."

"थांब," चाचा म्हणाले, आणि माझ्याकडं वळले. "हे कुणी घातलं? खोड ते. नजर टाकली असती तर चुकली म्हणता आलं असतं. मी नजर टाकलीच न्हाई. 'न वाचता' असं लिही."

मी दुरुस्त करून दुसरी प्रत काढली. अदिबानं ती पुन्हा पहिल्यापासून वाचली, एका दमात, शेवटपर्यंत. चाचा वाट बघत होते. आवारातले दोन-चार जण थांबले होते. शेवटी तिनं विचारलं, लहानपणापासून ऐकलेलंच. "समजलं?"

"समजलं."

"कबूल?"

"कबूल."

चाचांना मराठीत सही येती, उर्दूत येती. त्यांनी पॅड मागितलं. मी म्हणलं सही करा की, तर म्हणाले, "ज्यानं दाबलं त्यालाच लावू दे." आणि अंगठा लावला.

त्रिंबकरावांनी तो कागद दोनदा वाचला आणि उठून उभे राहिले. जबाब झाला, झेरॉक्स जमा झाली, कामराननंही या वेळी खरं सांगितलं. इथून अहवाल तिकडच्या पोलिसांना गेला, आणि अदिबाचा दाखला एकोणतीस डिसेंबरला सही होऊन आला. तीस तारखेला ती अंबाजोगाईला हजर झाली. जाताना चाचांना सलाम केला न्हाई. डबा मात्र तिनं स्वतः आणून दिला आणि ते जेवेपर्यंत समोर बसली. चाचांचा परवाना चौकशी होईपर्यंत थांबवलाय. तिकडच्या पोलिसांनी आता त्यांना बोलावलंय, खातेदार म्हणून न्हाई, खातं देणारा म्हणून. ते जाणार हायेत. त्या बेटावर मात्र कुणालाच बोलावणं गेलं न्हाई. ती कंपनी मोकळी.

म्हणून चाचा आता बाकड्यावर बसतात. लोक येतात, सवयीनं त्यांनाच सांगतात. ते विचारतात, "घडलं कुठं?" आणि मग माझ्याकडं बोट करतात. मी टाईप करते आणि वाचून दाखवते. फोनवरचे फॉर्मसुद्धा पूर्ण वाचते, लोक चिडतात. "बाई, दाबा की एकदाचं." मी न्हाई दाबत.

आता एक राहिलं. चौदा मेला चाचा त्या मजकुराकडं बघत थांबले होते, असं मी वर लिहिलं. आकडे भरून झाल्यावर काढून ठेवलेला चष्मा ते शोधत होते. वाचणार होते. मी भुकेली होते, उकाड्यानं कावले होते, आणि हसून म्हणलं, "दाबा की चाचा, काय होतंय? डबा गार होईल." त्या उन्हात डबा कशाचा गार होतोय. पण त्यांनी माझं ऐकलं आणि दाबलं.

अर्ज टाईप करताना मी ते वाक्य घालायला गेलते. चाचांनी पडदा वाचून मान हलवली. "ते माझ्या अर्जात बसत न्हाई बेटी. तुझं असंल तर येगळं लिही."

महिना होत आला. रोज संध्याकाळी प्रिंटर झाकायच्या आधी नवी फाईल उघडते, 'प्रति' टाईप करते आणि बसून राहते. पुढं कुणाचं नाव घालायचं ते मला ठाऊक हाय. ती अंबाजोगाईला असती, रविवारी घरी येती, आणि मला अजून ताई म्हणती.